दोराने बांधलेलं अस्वल

श्रोतेहो, नमस्कार.

आज शिकाऱ्याबद्दल बोलायचं आहे. म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्या शिकाऱ्याबद्दल, आणि तिथे न दिसणाऱ्याही. आपल्याकडे १९७२ पासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे, शिकार हा गुन्हा आहे, आणि तो गुन्हाच राहावा असं माझं मत आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पत्रं येतात.

अमेरिकेत नुसत्या शिकारीच्या कार्यक्रमांना वाहिलेल्या वाहिन्या आहेत. त्यातलं बरंचसं आता आपल्या मोबाइलवरही येतं. साचा ठरलेला असतो. पानापानांच्या नक्षीचे कपडे घातलेला एक गृहस्थ मचाणावर बसून कॅमेऱ्याशी कुजबुजतो. हरीण येतं, संगीत चढतं, बाण सुटतो, आणि लगेच पुढच्या दृश्यात हे गृहस्थ मेलेल्या हरणाची शिंगं धरून हसताना दिसतात. मध्ये गाडीची जाहिरात, बुटांची जाहिरात. वीस-बावीस मिनिटांत खेळ खलास.

त्या चढत्या संगीतावर मला एकदा स्वतंत्र बोलायचं आहे. हल्ली बातम्यांनाही ढोल लागतो. कांद्याचे भाव सांगताना ढोल, पावसाचा अंदाज सांगताना ढोल. असो.

तर त्या बाण सुटण्याच्या आणि हसण्याच्या मधलं काय कापलं जातं ते बघा. बाण लागल्याबरोबर हरीण जागच्या जागी पडत नाही, ते पळतं. जाणता शिकारी त्याच्यामागे लगेच धावत नाही. तो थांबतो, कारण पाठलाग केला तर जखमी जनावर आणखी लांब जातं आणि झुडपात शिरून तडफडत मरतं. मग तो रक्ताचा माग काढतो. रक्त फेसाळ असेल तर बाण फुप्फुसात लागलाय, जनावर जवळच पडलेलं असेल. त्यात हिरवट घाण मिसळली असेल तर पोटात लागलाय, मग कित्येक तास थांबायचं आणि नंतर शोधायला निघायचं. अंधार पडो, पाऊस येवो, माग सोडायचा नाही. शिकाऱ्यांच्या जगात हा फार जुना नियम आहे: जखमी जनावर मागे टाकून घरी यायचं नाही. पुन्हा सांगतो, जखमी जनावर मागे टाकून यायचं नाही. आणि दुसरा नियम असा, की जनावराला निसटायची वाट असली पाहिजे. बांधलेलं, कोंडलेलं, कुंपणात अडकलेलं जनावर मारणं ही शिकार नव्हे.

हे दोन्ही नियम दाखवायला वेळ लागतो, आणि टीव्हीवर वेळ विकत घ्यावा लागतो.

याच्या उलटही घडलेलं आहे. १९७५ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या सीबीएस या टीव्ही कंपनीने शिकारीवर एक माहितीपट दाखवला. त्यात कचऱ्याच्या ढिगावर खायला येणाऱ्या अस्वलांना टिपणारे लोक होते, कुंपणातली जनावरं मारणारे होते. शिकारी संघटना इतक्या खवळल्या की कार्यक्रम दाखवायच्या आधीच बहुतेक जाहिरातदारांनी काढता पाय घेतला. आम्हाला कसाई ठरवलं, असा ओरडा झाला. बरेच शिकारी तसे नव्हते हे खरं. पण पडद्यावर दिसले ते काही भाड्याने आणलेले नट नव्हते. त्याच महिन्यात सीबीएसने त्या ओरड्यावर दुसरा कार्यक्रम केला. म्हणजे पडद्यावर शिकारी एकतर शूरवीर, नाहीतर कसाई. मधला कोणी नाहीच.

आता मी आज ज्यासाठी आलोय ती गोष्ट सांगतो. टीव्ही यायच्या फार आधीची आहे.

नोव्हेंबर १९०२. थिओडोर रूझवेल्ट अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होऊन वर्ष झालेलं. शिकारीचं त्याला विलक्षण वेड. पण नुसतं वेड नव्हतं. १८८७ मध्ये त्याने मित्रांना जमवून शिकाऱ्यांचा एक क्लब काढला होता, बून अँड क्रॉकेट क्लब. जनावराला निसटायची वाट असली पाहिजे, हा मघाचा नियम पुढे याच क्लबने अमेरिकेत लावून धरला. तर या रूझवेल्टला मिसिसिपी राज्याच्या गव्हर्नरने अस्वलाच्या शिकारीचं आमंत्रण दिलं. राष्ट्राध्यक्ष शिकारीला जाणार म्हटल्यावर देशभरच्या वर्तमानपत्रांचे कान तिकडे लागले.

वाटाड्या म्हणून नेमला होल्ट कोलियर. या माणसाबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. कोलियर कृष्णवर्णीय, गुलाम म्हणून जन्मलेला. पोरवयातच हातात बंदूक आली, कारण मालकाच्या मळ्यावर मांस पुरवायचं काम. यादवी युद्धात तो लढला, तेही दक्षिणेकडून, म्हणजे गुलामगिरी टिकवायला निघालेल्यांच्या बाजूने. माणसाचं आयुष्य कसं गुंतागुंतीचं असतं बघा. युद्धानंतर मिसिसिपीच्या त्या दलदलीत, जिथे वेतासारख्या गवताची बेटं इतकी दाट की चार हातांवरचं दिसू नये, तिथे तो अस्वलं मारून पोट भरू लागला. आयुष्यात त्याने तीन हजारांवर अस्वलं मारली असं सांगतात. आकडा तोंडोतोंडी वाढला असेल, पण त्या मुलखात त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता याबद्दल दुमत नाही.

राष्ट्राध्यक्षांना घाई. अस्वल पहिल्याच दिवशी दिसलं पाहिजे. असं सांगतात की कोलियरने शब्द दिला, दिसेल, बांधून आणावं लागलं तरी दिसेल. हे वाक्य लक्षात ठेवा बरं का. बांधून आणावं लागलं तरी.

सकाळी कोलियरने रूझवेल्टला एका मोक्याच्या जागी बसवलं. इथून हलू नका, मी कुत्र्यांच्या मदतीने अस्वल इथेच हाकलत आणतो. आणि तो गेला रानात. आता हाक्याची शिकार ज्यांनी आजोबांकडून ऐकली असेल त्यांना माहीत आहे, हाकारे तिकडे जीव तोडत असतात आणि बसणाऱ्याचं काम एकच, बसणं. रूझवेल्ट बसला. तास गेले. कुत्र्यांचा आवाज लांब लांब जात विरून गेला. सोबत्याने विचार केला, आता काही येत नाही. दोघं उठले आणि जेवायला तळावर गेले.

आणि अस्वल आलं! कोलियरने म्हटलं होतं तिथेच, बरोब्बर त्याच जागेवर. जागा रिकामी!

अस्वल मोठं, वजन शंभर किलोच्या वर. दमलेलं, चवताळलेलं, पाण्याच्या डबक्यात उभं आणि भोवती कुत्री. त्याने एका कुत्र्याला धरलं आणि संपवलं. कोलियरच्या हातात बंदूक होती. एरवी त्याने काय केलं असतं? एक गोळी. कुत्री वाचली असती, अस्वलाचा त्रासही तिथेच थांबला असता. त्याने जन्मभर तेच केलं होतं. पण आज हुकूम होता, पहिली गोळी राष्ट्राध्यक्षांची. कोलियर डबक्यात उतरला आणि बंदुकीचा दस्ता अस्वलाच्या डोक्यात घातला. इतक्या जोराने की बंदूक वाकली. मग गुंगलेल्या अस्वलाच्या गळ्यात दोर टाकला, झाडाला बांधलं, शिंग फुंकलं, आणि निरोप धाडला.

रूझवेल्ट घोडा दामटत आला. समोर काय, तर मेलेलं कुत्रं, रक्त, चिखल, आणि झाडाला बांधलेलं अर्धमेलं अस्वल. भोवतीची मंडळी म्हणताहेत, मारा साहेब, मारा. रूझवेल्टने नकार दिला. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणार नाही. इतर कुणालाही झाडू दिली नाही. आपण इथवर ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. पण अस्वलाचं काय झालं? ते इतकं घायाळ होतं की सोडून देण्यात अर्थ नव्हता. त्याचे हाल थांबवा, असं सांगून रूझवेल्ट बाजूला झाला आणि सोबतच्या एकाने सुऱ्याने त्याला मारलं. गोळीचं काम सुऱ्याने झालं. मांस तळावर शिजलं.

दोन दिवसांनी, १६ नोव्हेंबरला, वॉशिंग्टन पोस्टमध्ये क्लिफर्ड बेरीमनचं व्यंगचित्र आलं. रूझवेल्ट पाठ फिरवून हात वर करतोय, नाही म्हणतोय, आणि मागे दोरीला बांधलेलं अस्वल. त्यात सुरा नाही, मेलेलं कुत्रं नाही. दोर धरलेला एक माणूस आहे, पण तो कोलियर आहे हे चित्रावरून कुणाला कळणार नाही. चित्र एवढं गाजलं की बेरीमन पुढे पुन्हा पुन्हा तेच अस्वल काढत राहिला, आणि दरवेळी ते लहान होत गेलं, गोल होत गेलं, शेवटी पिल्लूच झालं. ब्रुकलिनमध्ये मॉरिस मिचटम नावाचा एक गोळ्या-चॉकलेटचा दुकानदार होता. त्याच्या बायकोने, रोजने, कापडाचं अस्वल शिवलं आणि त्यांनी ते दुकानाच्या खिडकीत मांडलं. नाव दिलं टेडीज बेअर. रूझवेल्टला टेडी म्हटलेलं आवडत नसे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आज आपल्या घरात पोरांच्या उशाशी जे टेडी असतं, धुतल्यावर ज्याचा कापूस एका कुशीत गोळा होतो, ते मिसिसिपीच्या चिखलातलं हे अस्वल. वाढदिवसाला टेडी देण्यापेक्षा गोष्टीचं पुस्तक द्यावं असं माझं मत आहे, पण ते कोण ऐकतं.

आणि हाच रूझवेल्ट राष्ट्राध्यक्षपद संपल्यावर १९०९ मध्ये मुलाला घेऊन आफ्रिकेला गेला. बापलेकांनी मिळून तिथे ५१२ जनावरं मारली, बरीचशी संग्रहालयासाठी. त्याची खेळणी निघाली नाहीत.

मला या गोष्टीत रूझवेल्टपेक्षा कोलियर जास्त अस्वस्थ करतो. अस्वलाचे हाल कुणामुळे झाले? कोलियर क्रूर होता म्हणून नव्हे. पाहुण्याला पहिली गोळी मिळाली पाहिजे म्हणून झाले. बघणारा यायचा होता म्हणून जनावर ताटकळत ठेवलं. आजच्या कार्यक्रमांत त्या पाहुण्याच्या जागी कॅमेरा आहे. मचाणावरचा माणूस बाण सोडण्याआधी हळूच विचारतो, आलं का फ्रेममध्ये? हरीण नीट आडवं उभं असतं, बाण सोडायची अचूक वेळ असते, पण कॅमेरावाला फांदीमागे असतो. मग थांबायचं. आणि कॅमेरा तयार होईपर्यंत हरीण वळलं, कोन बिघडला, तरी आता भाग पुरा करायचाय म्हणून बाण सुटतो. बघणारा आला की शिकाऱ्याचा नियम वाकतो. हेच मला आज सांगायचं होतं, म्हणून पुन्हा म्हणतो: बघणारा आला की नियम वाकतो.

ज्यांच्या शिकारीला कुणी बघणारा नव्हता त्यांच्याकडे वळू. आपल्या महाराष्ट्रातच पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला. एकाच मुलखात फिरणाऱ्या तीन जमाती. तिरुमल नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे. वैदू मुंगूस, रानमांजर अशी छोटी जनावरं आणि पाण्यातले खेकडे, कासवं धरणारे. फासेपारधी फासे लावून हरणं, मोर, तितर पकडणारे. एकाने दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही, अशी जवळजवळ वाटणीच. पारध्यांची एक शाखा तर शिकवलेल्या गाईच्या आडून हरणाजवळ सरकायची, गाय चरत चरत पुढे, माणूस तिच्या आडोशाला. आणि या अभ्यासात नोंद आहे की फाशात गाभण हरणी किंवा पाडस सापडलं तर फासेपारधी ते सोडून देत. तिथे क्लब नव्हता, राष्ट्राध्यक्ष नव्हता, व्यंगचित्रकार नव्हता. पुढच्या वर्षी कळपात हरणं हवीत, एवढं साधं.

या पारध्यांना इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या वाटेने जन्मजात गुन्हेगार ठरवलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी त्यांनाच नोकऱ्या दिल्या, पहाऱ्यावर ठेवलं. देशाने १९५२ मध्ये तो शिक्का कायद्यातून काढला. टीव्हीने मात्र नाही काढला. कुठे दरोडा पडला की तपास सुरू व्हायच्या आत पडद्याच्या तळाशी ‘पारधी टोळी’ अशी पट्टी फिरायला लागते, ढोलासकट. गुन्हा एखाद्याने केलाही असेल, त्याचं नाव घ्या ना. सगळ्या जातीचं का घेता?

२०१८ मध्ये यवतमाळात पांढरकवड्याच्या वाघिणीच्या वेळीही तेच. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर सांगितले जात होते, गोळी घालायच्या आदेशात हस्तक्षेप करायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला होता. २ नोव्हेंबरच्या रात्री ती मारली गेली. आधी बेशुद्ध करायचा प्रयत्न नीट झाला का, हा खरा प्रश्न होता आणि त्यावर पुढे चौकशाही झाल्या. स्टुडिओत मात्र आठवडाभर बंदूकवाला देवदूत की खुनी यावरच चर्चा. गोळी कुठून, किती अंतरावरून, कुठल्या कोनातून लागली हे विचारणारे थोडे, आणि त्यांना बोलू देणारे त्याहून थोडे.

मला एखाद्या वाहिनीवर एकदा तरी म्हातारा फासेपारधी बघायचा आहे. ढोल नको, पट्टी नको. आज फासा लावणं गुन्हा आहे हे त्यालाही ठाऊक आहे, लावून दाखव म्हणायचं नाही. नुसतं बसवायचं आणि विचारायचं, गाभण हरणी अंधारात, हाताला कशी कळायची बाबा? फाशातून सोडवताना ती लाथा झाडायची, तेव्हा तुम्ही तिला कुठे धरायचात?

वेळ झाली. यानंतर बातम्या आहेत. नमस्कार.