हातभर दांड्याची कुदळ

नमस्कार मंडळी, चहा झाला असेल, नसेल तर कप घेऊनच बसा कारण आज जरा लांबचं सांगणारे, थेट कॅलिफोर्नियातलं.

आपल्याकडे खुरपणी कशी करतात, उकिडवं बसून, बरोबर? माझी आजी तशीच सरकत सरकत अख्खं वावर काढायची आणि रात्री गुडघ्याला तेल चोळत बसायची. आता समजा बसायचं नाही, उभं राहायचं नाही, कमरेतून पार वाकायचं, एका हातात हातभर दांड्याची कुदळ, दुसऱ्या हाताने काढलेली रोपं बाजूला टाकायची, आणि हे दिवसभर. सालिनासच्या खोऱ्यात लेट्युसची विरळणी अशी चालायची. मजूर बहुतेक मेक्सिकन, कोणी तिथेच जन्मलेले, कोणी १९४२ ते १९६४ या काळात सरकारनेच करार करून आणलेले. या कुदळीला ते एल कोर्तितो म्हणायचे, म्हणजे छोटुकली. लाडाचं नाव वाटतं ना? दुसरं नाव होतं सैतानाचा हात.

मालक म्हणायचे दांडा छोटा असला की हात नीट बसतो, पिकाला धक्का लागत नाही. पण लांब दांड्याने काम करणारे शेतकरी दुसरीकडे होतेच की. मजुरांना खरं कारण माहीत होतं, मुकादमाला लांबून एका नजरेत दिसायचं की कोणाची पाठ सरळ झाली. सरळ झाली म्हणजे काम थांबलं, बस.

आणि तक्रार करणार कुठे? १९३५ साली अमेरिकेत युनियन करायचा हक्क देणारा मोठा कायदा झाला, त्यातून शेतमजुरांना आणि घरकाम करणाऱ्यांना सरळ वगळलं होतं. म्हणजे कारखान्यातल्या माणसाला युनियन, आणि त्याच्या ताटातली भाजी काढणाऱ्याला काही नाही.

पहिली मोठी ठिणगी मात्र द्राक्षाच्या मळ्यात पडली, डेलानो गावात. ८ सप्टेंबर १९६५ ला संप केला तो फिलिपिनो मजुरांनी, लॅरी इटलियाँग त्यांचा पुढारी, मागणी तासाला १ डॉलर ४० सेंट. हे नाव लोक विसरतात म्हणून मुद्दाम घेतेय. मालकांची जुनी युक्ती अशी की फिलिपिनोंनी संप केला की मेक्सिकनांना कामाला लावायचं, आणि उलट. या वेळी सीझर चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांच्या मेक्सिकन युनियनने १६ सप्टेंबरला चर्चच्या हॉलमध्ये ठरवलं की आपण पण संपात उतरायचं, तिथेच ती युक्ती फसली. पुढे देशभर लोकांनी द्राक्षं घेणं बंद केलं आणि पाच वर्षांनी, १९७० मध्ये, मालकांनी करारावर सह्या केल्या. मागण्यांमध्ये पगाराबरोबर प्यायचं पाणी आणि रानात संडास पण होते. बायकांनी हे ऐकताना मान डोलावली असेल, दिवसभर रानात आडोसा शोधणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळतं.

पण कुदळ काही सुटली नव्हती. तेव्हा मोरिस जूर्डेन नावाचा तरुण वकील गरिबांच्या केसेस घ्यायचा, त्याला मजूर म्हणाले, आधी तू हे वापरून बघ. त्याने बघितलं, कंबर धरली, मग केस केली. सरकारी खात्याकडे असुरक्षित हत्यारांवर बंदीचा नियम आधीपासून होता, पण खातं म्हणायचं की असुरक्षित म्हणजे मोडकं, ही कुदळ तर धडधाकट आहे! डॉक्टरांनी साक्षी दिल्या की हिने मणके कायमचे खराब होतात. जानेवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जे नीट वापरूनही माणूस मोडतं ते असुरक्षितच, आणि त्याच वर्षी छोटुकलीवर बंदी आली. शेतमजुरांना युनियनचा हक्क देणारा कॅलिफोर्नियाचा कायदाही त्याच वर्षीचा.

मग काय, सगळे ताठ उभे राहिले? थांबा. काही मालकांनी लांब दांडा दिलाच नाही, म्हणाले ठीके, कुदळ नको ना, मग हातानेच उपटा. म्हणजे परत वाका, आणि आता तर हातात काहीच नाही. त्यावर नियम यायला २००४ उजाडलं, आणि त्यातही सेंद्रिय शेतीला सूट दिली.

चला, वेळ झाली, पुढच्या गुरुवारी भेटू.