पेटीमास्तर आणि जॉनी ग्रीनवुड

(दृश्य : पहाटेचं धुकं, कापलेल्या धानाच्या बांध्या. वडशाच्या रस्त्यावर नाटक कंपन्यांचे रंगीत बोर्ड.)

निवेदन :
दिवाळी आटोपली, धान घरात आलं की वडशाला जाग येते. कागदोपत्री देसाईगंज, बोलण्यात वडसा. गडचिरोली जिल्ह्यातल्या या गावातून झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्याच्या, नाटकांच्या गाड्या भरून निघतात, थेट होळीपर्यंत. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक. पडदा रात्री उशिरा उघडतो आणि प्रेक्षक घरी जातो तो कोंबडा आरवताना.

(दृश्य : स्टेजच्या पुढ्यात बसलेले वादक. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड.)

मी काही सीझन ऑक्टोपॅडवर, म्हणजे काठीनं वाजवायच्या विजेवरच्या ड्रमवर, बसलो. माझ्या डाव्या हाताला ऑर्गनवर मास्तर. नाव सांगू नको म्हणाले, म्हणून सांगत नाही. एका रात्रीत हा माणूस नाट्यपद वाजवतो, लावणी वाजवतो, आईच्या मरणाच्या सीनला एकच पट्टी दोन मिनिटं दाबून धरतो, आणि नट वाक्य विसरला तर प्रॉम्प्टरचा आवाज झाकायला मध्येच काहीतरी भरून देतो. त्याच्याकडे कोणी बघत नाही. बघायचंही नसतं.

म्हणून मला वाटलं, जॉनी ग्रीनवुड कळला तर मास्तरांनाच कळेल.

(दृश्य : परतीच्या गाडीत मोबाईलचा उजेड. दोन चेहरे, एक इअरफोन अर्धा-अर्धा.)

जॉनी ग्रीनवुड. जन्म १९७१, ऑक्सफर्ड, इंग्लंड. रेडिओहेड या बँडचा गिटारवाला. शाळेत थोरला भाऊ आणि त्याचे मित्र बँड करत होते, हा सगळ्यांत लहान. आधी हार्मोनिका घेऊन घुसला, मग कीबोर्डवर बसवला. आणि कित्येक महिने त्यानं कीबोर्डचा आवाज बंद ठेवूनच वाजवलं, चूक झाली तर काढून टाकतील या भीतीनं. बाकीचे म्हणायचे, तू काय करतोस ते नीट ऐकू येत नाही, पण काहीतरी भर पडते खरी. हे त्यानं स्वतःच सांगितलंय.

मास्तर इतके हसले, की ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं. “आपल्या कंपनीत अशे चार जण आहेत बाबू.”

मग १९९२ सालचं ते गाजलेलं गाणं लावलं, ‘क्रीप’. संथ चाललेलं असतं, आणि मुख्य ओळ यायच्या आधी गिटारचे दोन-तीन कडाड खटके. गाणं फारच मवाळ वाटलं म्हणून त्यानं ते मोडायचा प्रयत्न केला, असं त्याच्या बँडमधलाच एक जण सांगतो. मोडलं नाही. त्या खटक्यांसाठीच लोक ते ऐकतात.

“हे त खलनायकाची एंट्री होय,” मास्तर म्हणाले. मी ऑक्टोपॅडवर हेच तर करत होतो, मिशीवाला स्टेजवर यायच्या अर्धा क्षण आधी.

(दृश्य : मास्तरांचं घर. ओसरीत जुनी पेटी. भात्यावर डावा हात.)

पेटीवर एक जुना आळ आहे. तिच्यात मींड निघत नाही. सा आणि रे या दोन पट्ट्या, मधली जागा मुकी. गळा सा पासून रे पर्यंत घसरत जातो, पेटी उडी मारते. १९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली, त्यामागे हीच तक्रार होती. मास्तरांना ही गोष्ट आजही लागते. आयुष्यभर त्यांनी दोन पट्ट्यांच्या मधली जागा भात्यानं झाकली आहे, हवा जराशी ढिली सोडून.

त्यांना मी ‘ओंद मार्तनो’ दाखवलं. १९२८ साली मोरिस मार्तनो या फ्रेंच माणसानं लोकांपुढे आणलेलं विजेवरचं वाद्य. पट्ट्या पेटीसारख्याच. पण पट्ट्यांच्या समोर एक तार. उजव्या हाताच्या तर्जनीत अंगठी अडकवायची आणि तारेवरून सरकवायची. अंगठी सरकेल तसा सूर सरकतो, माणसाच्या गळ्यासारखा. डावा हात एका छोट्या खणात, तिथल्या कळीवर. जितकं दाबाल तितका आवाज, सोडलं की चूप.

ग्रीनवुडनं शाळेच्या वयात या वाद्याचा आवाज ऐकला आणि तो त्याच्या डोक्यातून गेला नाही. २००० साली ‘किड ए’ या अल्बममध्ये त्यानं ते रेडिओहेडमध्ये आणलं. ज्याच्या गिटारवर जग फिदा होतं, त्यानं गिटार बाजूला ठेवून अंगठी घातली.

(दृश्य : माळरान. डीपीच्या तारा. वाद्यांचा चढता स्वर.)

पुढे तो चित्रपटांच्या संगीताकडे गेला, तरी ही सरकणाऱ्या सुराची ओढ सुटली नाही. २००७ सालच्या ‘देअर विल बी ब्लड’च्या सुरुवातीला उजाड डोंगर दिसतात, आणि तारवाद्यांचा अख्खा ताफा वेगवेगळ्या सुरांवरून घसरत एका सुरावर येऊन थांबतो. शेतातल्या डीपीचा घूंऽऽ असा आवाज वाढत जावा तसं. खरं सांगतो, रात्री एकट्यानं ऐकवत नाही. २०२१ च्या ‘द पॉवर ऑफ द डॉग’मध्ये एक पात्र बँजो वाजवतं, तर यानं गजानं वाजवायचा सेलो बँजोसारखा बोटांनी छेडला. ऑस्करचं नामांकन मिळालं. ते सोडा.

(दृश्य : मोबाईलवर किल्ल्याच्या भिंती, गोल बसलेले वादक.)

मास्तरांना सगळ्यांत जवळचा वाटला तो ‘जुनून’ हा अल्बम. २०१५ साली जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात त्याचं ध्वनिमुद्रण झालं. रचना शाय बेन त्सूर या इस्रायली संगीतकाराच्या, सोबत राजस्थानातले कव्वाल, मांगणियार लोककलावंत आणि पितळी वाद्यांचा बँड. आपल्याकडे वरातीत वाजतो त्याच जातकुळीचा. ग्रीनवुड या गराड्यात कुठेतरी मांडी घालून बसलेला, मान खाली, केस डोळ्यांवर. दोन मिनिटं शोधावा लागतो. इतका मोठा वादक, पण गाणं त्यानं त्यांच्याकडेच राहू दिलं.

त्यावरच्या माहितीपटात मध्येच वीज जाते.

“लाईन गेली वाटते त्याईची,” मास्तर म्हणाले. आवाजात समाधान होतं. “पेटीले लाईन लागत नाही.”

(दृश्य : ओसरी. बाहेर अंधार पडत आलेला.)

थोड्या वेळानं त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. ते अंगठीचं वाद्य परत लावायला सांगितलं. मी व्हिडिओ अंगठीपाशी नेला.

“थे नाही बाबू. खणातला हात दाखव.”

लावला. मास्तर बघत राहिले, आणि त्यांचा डावा हात नसलेल्या भात्याशी आपोआप हलायला लागला.

(कॅमेरा हातावर. पेटीचा एकच सूर, हळूहळू विरत जाणारा.)