रेडटेल आणि कासव एका टँकमध्ये? दिवसा बघा, मग रात्री बघा

काळपट पाठ, बाजूनं पांढरा पट्टा आणि मागं लालभडक शेपूट, हा रेडटेल कॅटफिश. मूळचा अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यातला. विकायला येतो तेव्हा बोटाएवढा असतो, म्हणून लोक पटकन घेतात, आणि हा वर्षभरात फूटभर होतो आणि पुढं एक मीटरच्याही वर जातो. वर दिव्याखाली पाय ताणून पडलंय ते कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर, डोळ्यामागची लाल पट्टी बघा. दोघं एका फ्रेममध्ये भारी दिसतात, खोटं कशाला बोला.

आधी दिवसाचं शूट. दिवस म्हणजे कासवाची पाळी. रेडटेल तळाला पोट टेकून पडलाय, मिशा पुढं पसरलेल्या, ३ जोड्या. या मिशांवर चव कळते, खरं तर याच्या अख्ख्या अंगावरच कळते, त्यामुळं गढूळ पाण्यात डोळे नसले तरी याचं अडत नाही. आता कासव खाली आलं. काही हलताना दिसलं की तोंड घालायचं हा त्याचा स्वभाव. थांबलं, हुंगलं, आणि घेतला मिशीचा चावा! परत बघा, स्लो करून. कासवाला दात नसतात पण चोच धारदार असते, आणि कॅटफिशला खवले नसतात, म्हणजे चावा थेट कातडीवर. सगळे विचारतात मासा कासवाला खाईल का, माशाच्या मिशांचं कुणीच विचारत नाही, आणि आमचा जीव माशात आहे म्हणून हे शूट जरा जास्तच लांबवलंय.

आता लाइट बंद. स्लायडर झोपतं ते तळाशीच, मधे मधे श्वास घ्यायला वर येतं. आणि नेमका याच वेळी रेडटेल जागा होतो, तळ चाचपत फिरायला लागतो. हा शॉट मेलेल्या माशाचा तुकडा टाकून घेतलाय. जबडा खाली पडला, कल्ल्यांची झाकणं फुगली, तोंडातला दाब एकदम उतरला की पाणी आत घुसतं आणि पाण्याबरोबर खाणं. दात बारीक बारीक, फक्त धरायला, त्यामुळं चावणं वगैरे नाही, अख्खं गिळायचं. म्हणजे प्रश्न भुकेचा नाहीच, तोंडात काय मावतं एवढाच आहे. स्लायडरचं पिल्लू असतं जेमतेम ३ सेंटिमीटरचं. मधल्या साइजचं तर अजून वाईट, कवच दबत नाही, घशात अडकलं की कासवाला हवा नाही आणि माशाच्या कल्ल्यांना पाणी नाही. ते आम्ही शूट केलेलं नाही.

दोघंही घाण भरपूर करतात, त्यातून पाण्यात विषारी अमोनिया चढतो, फिल्टर मोठाच लागतो. आणि कंटाळा आला म्हणून नदीत, तळ्यात सोडायचं अजिबात नाही, युरोपियन युनियननं १९९७ मध्ये या स्लायडरची आयातच बंद केली ती त्यामुळंच.

तर हे कासव आता वेगळ्या टबात आहे, वाळायला जागा, उन्हासारखे अतिनील किरण देणारा युव्हीबी दिवा, सगळं तिथंच. आणि इकडं रेडटेल, डावीकडची मिशी बघा, मूळ शाबूत होतं म्हणून परत फुटतेय.