साडेपाच तासांची गफलत

(दृश्य: उघडलेला मदरबोर्ड. कॅमेरा रुपयाएवढ्या गोल बॅटरीवर स्थिरावतो.)

कॉम्प्युटर बंद केला, प्लगही काढला. तरी आत एक घड्याळ चालूच असतं. या ३ व्होल्टच्या बॅटरीवर. त्याचा क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि तेवढे कंप मोजले की चिप एक सेकंद पुढे सरकते.

१९८४ च्या आयबीएम पीसी-एटीत ही चिप आली. साल, महिना, तारीख, तास, मिनिटं, सेकंद असे कप्पे तिच्यात आहेत. पण ही वेळ मुंबईची की लंडनची, हे नोंदवायला कप्पाच नाही! सगळी भानगड इथे सुरू होते.

विंडोज ती वेळ स्थानिक धरतं. हा विंडोजच्या आधीच्या डॉस सिस्टिमचा वारसा. डॉसला टाइम झोन ठाऊकच नव्हते. लिनक्स हे विंडोजसारखंच कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, पण युनिक्स या जुन्या सिस्टिमच्या घराण्यातलं. तिथे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात, तेही यूटीसीत, म्हणजे जागतिक वेळेत.

(दृश्य: एकच लॅपटॉप, आधी विंडोज, मग लिनक्स.)

आता दोन्ही एकाच लॅपटॉपवर टाका. पुण्यात सकाळचे दहा वाजलेत, विंडोजने चिपमध्ये १०:०० लिहिलंय. लिनक्स त्याला यूटीसी समजतं, साडेपाच तास मिळवतं आणि दाखवतं दुपारचे साडेतीन. इंटरनेट मिळालं की ते स्वतःची चूक सुधारतं, आणि चिपमध्ये ०४:३० लिहून मोकळं होतं. पुन्हा विंडोज उघडलंत, तर पहाटेचे साडेचार!

आपल्याकडे निदान घड्याळ वर्षभर हलत नाही. न्यू जर्सीत उन्हाळ्यासाठी तासभर पुढे केलेले काटे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनला पुन्हा तासभर मागे घेतात, त्यामुळे त्या रात्री दीड दोनदा वाजतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदीत, नुसतं ०१:३० असेल, तर गडबड पहिल्या दीडला झाली की दुसऱ्या, हे कसं शोधणार? शिवाय चिपमध्ये स्थानिक वेळ असेल, तर दोन्ही सिस्टिम आपापला एकेक तास मागे घेऊ शकतात. सर्व्हर सांभाळणारे यूटीसी सोडत नाहीत, ते उगाच नाही.

लिनक्सलाच स्थानिक वेळेवर आणायची सोयही आहे, पण तसं केलं की ते स्वतःच धोक्याची सूचना देतं. त्यापेक्षा विंडोजला वळवलेलं बरं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ (RealTimeIsUniversal) ही नोंद करून तिची किंमत १ ठेवायची, रीस्टार्ट करायचं आणि वेळ एकदा सिंक करून घ्यायची.

यानंतर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज-लिनक्स सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये, घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. ते बरोबरच आहे. तिथे हात लावू नका.