बाळंतिणीला विचारायचा राहिलेला प्रश्न

(महिला मंडळाच्या कार्यक्रमात एका फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. मंडळाच्या ताईंनी विषय विचारला तेव्हा मी ‘बाळंतपणानंतरचे व्यायाम’ एवढंच सांगितलं होतं, पत्रिकेतही तेवढंच छापलंय. आता नीट सांगते. शिंकताना, खोकताना, हसताना लघवी सुटते, त्याबद्दल मी बोलणार आहे. आणि अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भपिशवी खाली उतरते, त्याबद्दल. हे शब्द माइकवरून ऐकायची आपल्याला सवय नाही, म्हणून सुरुवातीलाच म्हणून टाकले.

माझ्याकडे एक बाई कंबरदुखीसाठी आली होती. तिसरं बाळंतपण होऊन आठ वर्षं झालेली. बोलता बोलता तिला खोकल्याची उबळ आली. खोकायच्या आधी तिनं एक पाय दुसऱ्यावर टाकला, मांड्या आवळल्या, टेबलाची कड धरली आणि मग खोकली. सगळं क्षणभरात, आपण काही केलं हे तिच्या लक्षातही आलं नाही. मी विचारलं, “लघवी सुटते का हो?” ती गप्प झाली. मग म्हणाली, “तीन लेकरं झाल्यावर व्हायचंच की ते.” आठ वर्षांत तिनं फिक्या रंगाची साडी नेसली नव्हती. माहेरच्या लग्नाला एसटीनं जायचं तर आदल्या दुपारपासून पाणी बंद. कंबरेसाठी ती चार ठिकाणी जाऊन आली होती, पण हे कुणी विचारलं नाही म्हणून तिनं सांगितलं नाही.

‘व्हायचंच की.’ खरं आहे, पुष्कळ जणींना होतं. जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेतला तर बाळंतपणानंतर साधारण तिघींपैकी एकीला हा त्रास होतो. पण डोळ्यांना नंबर लागणंही पुष्कळांना होतं, म्हणून आपण चष्मा नको म्हणत नाही.

हे होतं कशामुळे? ओटीपोटाच्या अगदी तळाशी, पुढचं जांघेचं हाड आणि मागचं माकडहाड यांच्यामध्ये स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. आपण बाळाला झोपवायला बांधतो तशीच. लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि शौचाचा मार्ग यांचा भार या झोळीवर असतो. इंग्रजीतून आलेला शब्द आहे पेल्व्हिक फ्लोअर, मी झोळीच म्हणेन. बाळ बाहेर येताना ही झोळी किती ताणली जाते, याचा हिशेब मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये संगणकावर मांडला. सगळ्यात आतल्या कडेचा स्नायू मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला जातो, असं त्यात निघालं. मांडीचा स्नायू असा ताणला तर माणूस महिनाभर लंगडेल, आणि आपण त्याला पायावर भार देऊ देणार नाही.

सिझर झालंय त्यांनी सुटलो असं समजू नये. धोका कमी असतो, पण नऊ महिने वजन पेललं ते याच झोळीनं.

आता आपल्या घरच्या पद्धतीबद्दल. सव्वा महिन्याची विश्रांती, तेलाचं मालीश, शेक, डिंकाचे-अळिवाचे लाडू यांना नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. गर्भपिशवीला मूळ आकारात यायला साधारण सहा आठवडे लागतात. आपल्या आज्यांचा हिशेब चुकलेला नव्हता. माझं म्हणणं दोनच गोष्टींबद्दल आहे. एक म्हणजे पोट करकचून बांधणं. आधाराला सैलसर पट्टा ठीक, पण पाण्यानं भरलेली पिशवी मधूनच आवळली की पाणी खालीही सरकतं, आणि खाली ही दमलेली झोळी आहे. दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. सव्वा महिना संपला की दुसऱ्या दिवशी बाळंतीण एकदम भरलेल्या हंड्याला हात घालते. कालपर्यंत बाजेवर, आज हंडा. मधे पायरीच नाही. ती मधली पायरी बांधणं हेच माझं काम.

अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या झोळीच्या व्यायामावर लेख लिहिला. आज केगेल व्यायाम म्हणून मोबाइलवर शेकडो व्हिडिओ सापडतील. अडचण अशी की ते बघून कित्येक जणी भलताच स्नायू आवळतात. म्हणून आता आपण करूनच बघू. साडी असो, ड्रेस असो, काही अडत नाही.

खुर्चीत पुढं सरकून बसा. पाय जमिनीला टेकवा. घरी असाल तर नॅपकिनची गुंडाळी करून तिच्यावर बसा, म्हणजे आत काय चाललंय ते कळेल. आता चारचौघांत गॅस येतोय आणि तो अडवायचाय असं समजा. जे मागून आवळलं जातं तेच पुढं लघवीच्या जागेपर्यंत आणा आणि वर उचला, विहिरीतून पोहरा ओढावा तसं, सावकाश. मांड्या हलल्या? मग चुकलं. कुल्ले उचलले गेले? चुकलं. श्वास कोंडला, गाल फुगले? तेही चुकलं. श्वास सोडताना पोहरा वर, श्वास घेताना खाली. आणि खाली पूर्ण जाऊ द्या. सैल सोडणं हा अर्धा व्यायाम आहे. वरच्या वर लटकलेला पोहरा पाणी भरत नाही.

सावकाश आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शनातही हेच प्रमाण आहे, आणि तेही शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली. बाळाला पाजायला बसलात की करा, म्हणजे वेगळा वेळ काढावा लागत नाही. लघवी करताना मधेच धार तोडून सराव करू नका, त्यानं पिशवी नीट रिकामी होत नाही. खोकला-शिंक येतेय असं वाटलं, बाळाला उचलायला वाकलात, की आधी झोळी आवळा आणि मग खोका, मग उचला. ही एवढी सवय लागली तरी फरक जाणवतो.

काही जणींना मात्र हा व्यायाम द्यायचाच नसतो. टाके दुखतात, संबंधाच्या वेळी आग होते, लघवीला सुरुवातच होत नाही. त्यांची झोळी ढिली पडलेली नसते, ती घाबरून मूठ वळल्यासारखी घट्ट झालेली असते. त्यांना आधी ती उघडायला शिकवावं लागतं. म्हणून एकदा तपासून घ्या असं मी म्हणते. पोटाच्या स्नायूंमध्ये मधोमध दोन बोटांपेक्षा रुंद फट राहिली असेल, तर तीही तपासून कळते. घाईनं उठाबशा आणि सिट-अप्स सुरू केलेल्यांचं पोट मधून उंचवटा धरतं. वजन कमी करायची घाई जरा बाजूला ठेवा. आणि बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष नको. लोहाच्या गोळ्यांनी शी घट्ट होते, मग रोज सकाळी कुंथणं. महिनाभर कमावलेलं त्या दहा मिनिटांत जातं.

अंग बाहेर येतंय, खाली काही उतरल्यासारखं, जड वाटतं, अशा बायका तर थेट ‘गर्भपिशवी काढावी लागेल’ या भीतीनं दवाखान्याची पायरी चढत नाहीत. सुरुवातीच्या टप्प्यात व्यायामानं आराम पडतो. आतून आधार देणारी सिलिकॉनची रिंगही मिळते. ऑपरेशन लागलं तर लागेल, पण तो पहिला दरवाजा नाही.

फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर या झोळीच्या उपचाराचा खर्च सरकारी आरोग्य विमा देतो. आपल्याकडे दीड महिन्यांनी बाळाला लसीला नेतात. बाळाचं वजन होतं, कार्डावर नोंद होते. आई बाळाला धरून उभी असते. माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर मीही अशीच उभी होते. शिकलेली फिजिओ, जिना चढताना कपडे ओले होत होते, आणि मला कुणी विचारलं नाही. मीही बोलले नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

न बोलण्याची ही सवय किती खोल आहे, ते गडचिरोलीत दिसलं. राणी बंग, अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. पुढे त्याच गडचिरोलीतून घरोघर जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची पद्धत उभी राहिली. आज देशभरातल्या आशाताई ४२ दिवसांत सहा-सात वेळा बाळंतिणीच्या घरी जातात, ती त्यातूनच. इथं बसलेल्या आशाताईंना माझी विनंती आहे. शेवटच्या भेटीत एक प्रश्न वाढवा. “खोकताना लघवी सुटते का? खाली जड वाटतं का?” हो म्हणाली तर तिला तपासायला पाठवा.

मागून एका आशाताईंनी चिठ्ठी पाठवली आहे. “मॅडम, सासूबाई शेजारीच बसलेल्या असतात. त्यांच्यासमोर सून काय सांगणार?” अगदी बरोबर आहे, सून नाही सांगणार. तुम्ही असं करा, आधी सासूबाईंनाच विचारा. “काकू, तुम्हाला होतो का हो हा त्रास?” वय साठ असो, सत्तर असो, हा स्नायू व्यायामानं सुधारतो, तेही त्यांना सांगा. मी हे करून पाहिलंय. एक काकू आधी पदर सावरत राहिल्या, मग म्हणाल्या, “मला तर धाकट्याच्या वेळेपासून आहे.” सुनेनं मान वर केली. पुढच्या आठवड्यात दोघी एकाच रिक्षातून आल्या.