ओसरीवर उघडलेलं इंजिन

(पडद्यावर: मे महिन्याची सकाळ. फैजपूरजवळच्या केळीच्या बागा. घराच्या ओसरीवर अंथरलेलं पोतं, त्यावर तिरपी टेकवलेली जुनी स्कूटर.)

ही एमएच १९ पासिंगची चेतक. बाबांनी ती जुनीच घेतली होती, तेव्हा मी दुसरीत होतो. पुढे मी उभा, मागे आई, तिच्या मांडीवर बहीण आणि पायाशी सावद्याच्या बाजारातून आणलेली पिशवी. बाबा गेल्यानंतर नऊ वर्षं ही गाडी गोठ्याशेजारी, ठिबकच्या जुन्या नळ्यांमागे उभी होती. किक मारली की पाय सरळ खाली जायचा. आतून कोणी दाब परत देतच नव्हतं.

बजाजनं चेतक बाजारात आणली १९७२ साली. महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत. आमच्याकडे पुढे ती केळीचे खांब, खताची गोणी, दुधाच्या कॅन, सगळं वाहत राहिली.

उजवीकडची डिकी उघडली की समोर इंजिन. सिलेंडर ५७ मिलीमीटर रुंद, आत पिस्टनची धावही ५७ मिलीमीटर. त्यातून होतात १४५ सीसी. टू-स्ट्रोक आहे, त्यामुळे व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टनची वर-खाली धाव गोल फिरवणारा क्रँक. घरच्या ओसरीवर उघडून पुन्हा बांधता येईल असं हे यंत्र आहे, आणि मला ते त्यासाठीच आवडतं.

(पडद्यावर: तेलकट हात. सिलेंडर हळूहळू वर उचलला जातो.)

पहिल्याच दिवशी मी डिझेलचं टोपलं आणि ब्रश घेऊन बसलो होतो. भुसावळहून आमचे मिस्त्री आले होते. आयुष्यभर रेल्वेत फिटर, आता रिटायर. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, “धुवू नको भो. आधी पाहून घे.”

या एका वाक्यामुळे पुढचं सगळं काम नीट झालं. आपण इंजिन खोलतो, चकचकीत धुतो, नवे पार्ट टाकतो आणि सहा महिन्यांत ते पुन्हा जाम होतं. कारण ते कशानं बिघडलं, हे त्या काळ्या थरातच लिहिलेलं होतं आणि आपण ते धुऊन टाकलेलं असतं.

आम्ही वाचत बसलो. पिस्टनवर उभे ओरखडे होते, पण चारी बाजूंनी नाही. फक्त सायलेन्सरच्या बाजूला. पिस्टन सगळ्यात जास्त तापतो तो तिथेच. प्लगचं टोक चुन्यासारखं पांढरं. म्हणजे आत पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात होती. मग मॅग्नेटच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या चाकाच्या, बाजूचं ऑइल सील (रबरी कडं) बोटानं दाबून पाहिलं. रबर कसलं, वाळलेल्या चिंचेचं टरफल. तिथून क्रँककेस, म्हणजे क्रँक ज्या पेटीत फिरतो ती, बाहेरची हवा ओढत होती. कार्बुरेटर कितीही सेट केला असता तरी हा दोष गेला नसता.

आणि एक गोष्ट होती जी दिसत नव्हती, कारण ती तिथे नव्हतीच. सिलेंडरभोवतीचं काळं कव्हर. या इंजिनाच्या मॅग्नेटवरच पंख्याची पाती असतात. त्यांची हवा या कव्हरमधून सिलेंडरच्या पंखांवरून फिरते, तेव्हा इंजिन थंड राहतं. कधीतरी एका गॅरेजात ते काढलं गेलं आणि परत बसवलं गेलं नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात, कव्हरशिवाय आणि हवा ओढणाऱ्या सीलसह बाबा ही गाडी किती दिवस चालवत होते कोण जाणे. पिस्टन पकडला यात नवल नाही. मला याचा राग अजून येतो.

(पडद्यावर: लेथ मशीन. बोअरिंगची पाती फिरते.)

आता एक गोष्ट लक्षात ठेवा: पिस्टन आधी आणायचा, सिलेंडर नंतर बोअर करायचा, म्हणजे आतून कापून रुंद करायचा. उलट केलं की फसलात. मोठ्या मापाचा पिस्टन घ्यायचा, तो लेथवाल्याच्या हातात द्यायचा आणि सांगायचं, याच्या मापानं काढा. किती थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जागा ठेवायची ते त्या पिस्टनवरून ठरतं. बोअरिंगनंतर होनिंग होतं, भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी उमटते. त्या जाळीत तेल टिकतं. मग पोर्टच्या, म्हणजे सिलेंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, धारदार कडा बारीक कानसीनं मोडायच्या. हे अनेक जण विसरतात. टू-स्ट्रोकच्या पिस्टनवरची रिंग दर मिनिटाला हजारो वेळा त्या खिडक्यांवरून जाते. कड धारदार राहिली तर रिंग तिथे अडकते आणि तुटते.

क्रँकचं बेअरिंग बसवणं मात्र आईच्या मदतीनं झालं. क्रँककेस अॅल्युमिनियमची, बेअरिंग पोलादाचं, आणि अॅल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळपास दुप्पट पसरतं. म्हणून नवं बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, आणि सकाळी क्रँककेस इलेक्ट्रिक शेगडीवर. आई तव्यावर टाकते तसा पाण्याचा थेंब तिनंच कडेला टाकला. तडतडला. बेअरिंग हातानं सोडलं आणि ते ‘टक्’ करून जागेवर बसलं. हातोडी लागलीच नाही. ज्या घरात बेअरिंगवर हातोडी पडते तिथे ते बेअरिंग महिन्याभरात आवाज करू लागतं.

याच क्रँकच्या चकतीवर या इंजिनात पेट्रोलचं दार उघडतं आणि बंद होतं. तिच्या समोरचा केसमधला भाग इतका जवळ असतो की वाळूचा एक कणही तिथे ओरखडा पाडतो. त्या जागेला पोलिश पेपर लावायचा नाही. धूळ उडत असेल तर काम थांबवायचं, वर ओलं फडकं टाकायचं.

(पडद्यावर: बीपी तपासायचं डायलवालं यंत्र. रबरी फुगा हाताच्या मुठीत.)

इंजिन बांधलं. आता हवा कुठून जाते का, हे कसं पाहायचं? सायलेन्सरचं तोंड आणि कार्बुरेटरची जागा रबराच्या तुकड्यांनी बंद केली. प्लगच्या भोकातून नळी आत घातली आणि तिला आईचं बीपीचं यंत्र जोडलं. डायल ३०० पर्यंत नेला की आत साधारण ६ पीएसआय दाब होतो. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसला तेवढाच हवा. पहिल्यांदा काटा सरसर खाली आला. साबणाचा फेस लावला, तर सिलेंडरच्या बुडाशी, पॅकिंगपाशी, बारीक बुडबुडे. नट सोडून पॅकिंग बदललं. दुसऱ्यांदा काटा थांबला. पाच मिनिटं मी आणि मिस्त्री त्या काट्याकडे पाहत होतो. डॉक्टर पाहतात तसे.

सायलेन्सर शेताच्या बांधावर नेला. सुकलेल्या पऱ्हाट्यांचा जाळ केला आणि त्यात तो भाजला. नंतर लाकडी ठोकळ्यानं हळू ठोकला, तर आतून काळा कोळसा पापुद्र्यांनी बाहेर पडला.

आता सुधारणेबद्दल. लोक विचारतात, मोठं किट टाकून सीसी वाढवली का? नाही. आरसीवर जे लिहिलंय त्यात फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि आमच्या उन्हात जास्त ताकद म्हणजे जास्त ताप. मी दोनच बदल केले. ठिणगी पाडणारे जुने पॉइंट आणि कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि १२ व्होल्टचा मॅग्नेट बसवला. त्याआधी क्रँकच्या टेपरवर, म्हणजे निमुळत्या टोकावर, नवा मॅग्नेट नीट बसतो का, ते निळी शाई लावून पाहिलं. टेपर जुळला नाही तर पुढे मॅग्नेट सैल होतो आणि त्याला क्रँकवर जागेवर धरणारी छोटी पोलादी चावी तुटते. आता हेडलाइट लख्ख आहे. शेतीची लाइट रात्री येते तेव्हा मोटार चालू करायला शेतात जावं लागतं. विहिरीच्या वाटेवर साप आहे की काठी, हे जुन्या ६ व्होल्टच्या पिवळ्या उजेडात कळत नसे.

दुसरा बदल पेट्रोलसाठी. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुनं रबर त्यात फुगतं, कडक होतं. म्हणून टाकीपासून कार्बुरेटरपर्यंतची नळी, कॉकचे वायसर, सगळं नवीन. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यानं मिश्रण पातळ होतं, म्हणून मेन जेट (कार्बुरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) एक नंबर मोठा. ऑइल लिटरला २० मिली. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवतो, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

(पडद्यावर: संध्याकाळ. किक. निळसर धूर. गाडी चालू होते.)

तिसऱ्या किकला चालू झाली. त्या किकला पायाला जो दाब जाणवला, त्याचीच मी नऊ वर्षं वाट पाहत होतो. पहिले ५०० किलोमीटर पळवली नाही. थोडं चालवायचं, सावलीत थांबायचं, हात सिलेंडरजवळ नेऊन ताप पाहायचा, मग पुढे. यावलचा रस्ता, दोन्हीकडे केळी, आणि मध्ये मध्ये मी थांबलेला.

५०० झाले त्या दिवशी ओसरीसमोर प्लग काढला. उन्हात धरला. टोक खारकेच्या रंगाचं. आई दारात उभी होती.

“सावद्यापर्यंत जाईल का रे?”

मी प्लग परत बसवला, पान्यानं आवळला आणि वरची टोपी लावली. तोवर ती पिशवी घेऊन आली होती.