हेडएंडवर ‘रनिंग’ दिसलं म्हणजे झालं का?

नमस्कार मंडळी. हेडएंड म्हणजे जिथून टीव्हीचे चॅनल लॉक होऊन केबलवर जातात ती जागा. कमेंटमध्ये सारखं येतंय, "दादा, एक प्रोसेस अडकली की सगळा सर्व्हरच रीबूट केला तर काय बिघडतं?" बिघडतं, कारण कुणी कुणाच्या आधी उठायचं याला क्रम आहे. बसा.

बेसिक पटकन. चॅनल ज्या किल्लीने लॉक होतं ती आमच्याकडे दर १० सेकंदांनी बदलते. ती घरच्या सेट-टॉप बॉक्सपर्यंत गुपचूप जावी म्हणून ईसीएमजी नावाचं सॉफ्टवेअर तिचं पाकीट, म्हणजे ईसीएम, बनवतं. कुणाचा कुठला पॅक चालू, ते ईएमएमजी नावाचं दुसरं सॉफ्टवेअर बॉक्समधल्या कार्डाला कळवतं. दोघांच्या खाली डेटाबेस. थांबवताना वरून खाली, चढवताना खालून वर. माहितीये सगळ्यांना, पुढे.

घोळ कुठे होतो? खालची प्रोसेस ‘रनिंग’ दिसली की लोक लगेच वरची चढवतात. अरे, दुकानाचं शटर वर गेलं म्हणजे गल्ल्यावर माणूस बसला का?

माझंच सांगतो. रात्री अडीचचं काम. डेटाबेस ऐकेना, मी किल मायनस नाइन मारलं, म्हणजे जबरदस्तीने बंद पाडला. स्क्रिप्टमध्ये पुढच्या पायरीआधी स्लीप ५. पण असा मारलेला डेटाबेस उठताना आधी रिकव्हरी करत बसतो, ५ सेकंदांत कुठला येतोय! ईसीएमजी मात्र वर, हिरवा दिवा. मी चहा ओतला. स्टुलावरच्या टेस्ट बॉक्सचं चित्र आधी छान चाललं, मग चौकोन-चौकोन, मग काळं. ईसीएमजीचं पोर्ट उघडं होतं, पाकीट एकही बाहेर पडत नव्हतं. काही स्क्रॅम्बलर (चॅनल लॉक करणारी यंत्रं) अशा वेळी जुन्या किल्लीवर थांबतात. आमचा थांबला नाही. दोन मिनिटांत एका केबलवाल्याचा फोन. अडीचला हा माणूस जागा का होता, ते मी आजवर विचारलेलं नाही.

एकजण लिहितो, "सिस्टीमडीत आफ्टर टाकलंय, मला काळजी नाही." सिस्टीमडी म्हणजे लिनक्सवर प्रोसेस चढवणारा, आणि आफ्टर म्हणजे ‘अमक्यानंतर चढव’. अहो, टाइप सिंपल असेल तर प्रोसेस जन्माला आली की आफ्टरचं समाधान होतं. ती तयार आहे का, हे ते विचारत नाही. त्यासाठी टाइप नोटिफाय, आणि तेही प्रोग्रॅम स्वतःहून ‘मी तयार’ म्हणत असेल तरच.

मग बघायचं काय? सिमुलक्रिप्टमध्ये, म्हणजे या सगळ्यांनी आपसात कसं बोलायचं त्या ठरलेल्या पद्धतीत, ईसीएमजी फोन उचलणारं, एससीएस (स्क्रॅम्बलरच्या बाजूने पाकिटं मागणारं) लावणारं. ईएमएमजीचं उलटं, ते स्वतः मक्सला, म्हणजे सगळे चॅनल एकत्र करणाऱ्या यंत्राला, फोन लावतं. म्हणून ईसीएमजीच्या लॉगमध्ये चॅनल स्टेटस, स्ट्रीम स्टेटस आणि मग ईसीएम रिस्पॉन्स धडाधड पडायला लागेपर्यंत हात लावू नका. त्यानंतरही बॉक्ससमोर मिनिटभर उभे राहा. बॉक्सच्या हातात एक किल्ली शिल्लक असते, त्यामुळे पहिले काही सेकंद चित्र खोटं बोलतं. मला तेवढ्यातच चहा सुचला होता.

ईएमएमजी १० मिनिटं बंद राहिलं तरी कुणी ओरडत नाही, हक्क कार्डात असतात. ओरडतात त्या नेमक्या त्याच वेळी रिचार्ज केलेल्या काकू. म्हणून आधी एसएमएसकडून येणाऱ्या कमांड थांबवा, रांगेत राहू द्या. आणि हो, एसएमएस म्हणजे सबस्क्रायबर मॅनेजमेंट. मागच्या व्हिडिओखाली तिघांनी विचारलं होतं, मोबाइलवर मेसेज कधी येणार म्हणून.